कॅलिबर: फॉरमॅटचा पसारा आवरायला एक नंबर, फक्त मराठी पीडीएफसाठी आपली सोय आपण करायची

आधी निकाल सांगते, कारणं खाली आहेत. ज्यांच्याकडे ई-पुस्तकं पाचशेच्या पुढे गेलीत आणि त्यात ईपब, पीडीएफ, मोबी, एझेडडब्ल्यू३, डेजाव्हू असे सगळे फाइल फॉरमॅट मिसळलेत त्यांनी कॅलिबर हे ई-पुस्तकं लावून ठेवायचं सॉफ्टवेअर घ्याच, फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं आणि याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मला तरी मिळालेलं नाही. पण साठ्यात मराठी पुस्तकं जास्त असतील तर नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही, त्यावर आपली थोडी व्यवस्था बसवावी लागते. ती कुठे सविस्तर मराठीत लिहिलेली दिसली नाही म्हणून लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

ज्यांनी नावच ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या पीआरएस-५०० या रीडरसाठी, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणासाठी, हे लिहायला घेतलं, कारण सोनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हतं. कॅलिबर हे नाव २००८ मध्ये आलं. ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत, अकाउंट काढायला लागत नाही, आपली पुस्तकं आपल्याच मशीनवर राहतात. इतकी वर्षं सलग अपडेट होत राहिलेलं, एका माणसाने सुरू केलेलं सॉफ्टवेअर आजच्या काळात दुर्मिळच आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आमच्या घरचा साठा कसा आहे ते सांगते म्हणजे पुढचं समजेल. आम्ही कोथरूडला, घरात वाचणारे तिघं. बाबांची तपकीर गल्लीतून आणलेली हार्ड डिस्क, तीत आर्काइव्ह डॉट ऑर्गवरून उतरवलेली जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन्स, साहित्य संस्कृती मंडळाची पीडीएफ, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, भाच्यासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं. माझ्याकडे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या साइटवरची इंग्रजी ईपब, मराठी विकिस्रोतावरून काढलेली ईपब, आणि विकत घेतलेली किंडलची पुस्तकं वेगळीच. आणि बहुतेकांकडे असतं तसंच लावलेलं, म्हणजे ईपबचं एक फोल्डर, पीडीएफचं एक, मोबीचं एक, आणि एक 'नवीन' नावाचं ज्यात सगळं.

फॉरमॅटवार फोल्डर दिसायला नीट दिसतात पण वापरायला निरुपयोगी आहेत असं माझं ठाम मत आहे. एकच पुस्तक तीन ठिकाणी पडलेलं असतं, आपण वाचतो एकातून, नाव सुधारतो दुसऱ्याचं, आणि "अगं ते पुस्तक आपल्याकडे आहे का" असं कुणी विचारलं की तीन फोल्डर उघडून बघायचे. फॉरमॅट ही पुस्तकाची जागा नाही, ती पुस्तकाबद्दलची एक माहिती आहे, जशी भाषा किंवा प्रकाशनाचं वर्ष. कॅलिबर नेमकं हेच धरून चालतं. एका पुस्तकाची एक नोंद, आणि त्या नोंदीखाली ईपब, पीडीएफ, एझेडडब्ल्यू३ जे काय असेल ते सगळं. डाव्या पट्टीत 'फॉरमॅट्स' म्हणून एक गट असतो, तो उघडला की प्रत्येक फॉरमॅटसमोर किती पुस्तकं ते दिसतं. ईपबवर एकदा क्लिक केलं की फक्त ईपब असलेली पुस्तकं, परत क्लिक केलं की ईपब नसलेली. ही दुसरी क्लिक सोन्यासारखी आहे, कारण आपल्याला काय नाहीये ते कळतं. म्हणजे पीडीएफ आहे पण ईपब नाही अशी यादी दोन सेकंदात समोर, आणि ती यादी 'व्हर्च्युअल लायब्ररी' म्हणून नाव देऊन सेव्ह करता येते, नाव देवनागरीत दिलं तरी चालतं. माझ्याकडे 'फक्त पीडीएफ', 'बाबांच्या टॅबसाठी' आणि 'फॉरमॅटच नाही' अशा आहेत. तिसरी कशाला तर नोंद आहे पण फाइल उडालीये असं कधीकधी होतं ते पकडायला, आणि हातात असलेल्या छापील पुस्तकांच्या नुसत्या नोंदी ठेवायलाही ती उपयोगी पडते.

आणि ज्यांना तरीही फॉरमॅटवार फोल्डर पाहिजेच असेल, पेनड्राइव्हवर कुणाला द्यायला वगैरे, त्यांच्यासाठी 'सेव्ह टू डिस्क'मध्ये एकच फॉरमॅट बाहेर काढायची सोय आहे. हवी ती पुस्तकं सिलेक्ट करा, ईपब निवडा, फोल्डर तयार. काम झालं की उडवा, मूळ लायब्ररीला धक्का नाही.

आता पुस्तकं आत घेताना. इथे घाई करू नका, आधी प्रेफरन्सेसमध्ये 'अॅडिंग बुक्स'मध्ये जा. तिथे एक ऑटो-मर्जचं खूणघर आहे, ते चालू केलं की नाव आणि लेखक तोच असेल तर नवीन आलेली फाइल नवीन नोंद न करता जुन्या नोंदीखाली जाऊन बसते. म्हणजे आधी ईपबचं फोल्डर आत घेतलं, मग मोबीचं घेतलं, की मोबी आपोआप आपापल्या ईपबशेजारी जातात. तोच फॉरमॅट आधीच असेल तर काय करायचं हेही तिथेच विचारतं: नवीन फाइल सोडून द्यायची, जुनीवर टाकायची का वेगळी नोंद करायची. मी वेगळी नोंद करायलाच सांगते, का ते खाली पीडीएफच्या भागात येईल. क्रम ईपब आधी हाच ठेवा कारण ईपबमध्ये नाव-लेखक ही माहिती बहुतेक वेळा धड असते.

पीडीएफमध्ये मात्र ही माहिती भयानक असते. फाइलीच्या पोटात नाव म्हणून 'मायक्रोसॉफ्ट वर्ड डॅश डॉक्युमेंट वन' आणि लेखक म्हणून डीटीपी करणाऱ्याच्या कॉम्प्युटरचं नाव, असं सर्रास. त्यामुळे पीडीएफ घेताना माहिती फाइलीच्या आतून न वाचता फाइलीच्या नावावरून वाचायची सेटिंग करा, आणि त्याआधी फाइलींची नावं 'पुस्तकाचं नाव डॅश लेखक' अशी करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण एकदाच करायचं असतं. इंग्रजी पुस्तकांना कॅलिबर नेटवरून मुखपृष्ठ, प्रकाशक, वर्णन सगळं आणून देतं, मराठीला तिथून फार कमी मिळतं, जुन्या पुस्तकांना तर जवळपास नाहीच. तेव्हा मराठीची माहिती हातानेच भरायची असं धरून चाला, रोज रात्री जेवण झाल्यावर थोडी थोडी करा.

जे आपोआप एकत्र आलं नाही त्यासाठी दोन्ही नोंदी सिलेक्ट करून मर्ज करता येतं. 'फाइंड डुप्लिकेट्स' नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायची छोटी सोय, पण आहे, कॅलिबरच्या आतूनच टाकता येतं, नावात थोडा फरक असलेल्या जोड्या शोधून देतं. आपल्याकडे त्याची अडचण अशी की एका फाइलीचं नाव रोमनमध्ये आणि दुसरीचं देवनागरीत असेल तर ते त्याला एक पुस्तक वाटत नाही. शिवाय लेखकांची नावं: कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव, कुठे टोपणनाव, आणि आद्याक्षरांत टिंबानंतर जागा आहे का नाही यावरूनही वेगळा लेखक तयार होतो. 'मॅनेज ऑथर्स'मध्ये सगळे एका यादीत दिसतात, तिथे बसून एकदा साफ करायचं. बाबांनी हे काम अंगावर घेतलं आणि दुपारच्या वेळात निवांतपणे केलं, कोणते दोन लेखक प्रत्यक्षात एकच आहेत हे त्यांना जसं माहिती तसं कुठल्याही प्लगइनला कळणार नाही.

मर्ज करताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एका नोंदीखाली एका फॉरमॅटची एकच फाइल राहते. दोन नोंदींत दोन्हीकडे पीडीएफ असेल आणि तुम्ही मर्ज केलं तर पहिल्या सिलेक्ट केलेल्या नोंदीची पीडीएफ राहते, दुसरीची जाते. इंग्रजी ईपबच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही. मराठी पीडीएफच्या बाबतीत बिघडतं.

कारण मराठीत पीडीएफ हा एक फॉरमॅट नाहीच, तीन आहेत. एक्स्टेन्शन एक आहे, आतला माल पूर्ण वेगळा. कॅलिबरला हा फरक दिसत नाही, त्याच्या लेखी सगळं पीडीएफ. फॉरमॅटप्रमाणे साठा लावायचा तर मराठी माणसाला हा भेद स्वतः करावाच लागतो, नाहीतर सगळी मेहनत अर्धवट राहते.

पहिला प्रकार स्कॅन. जुनं छापील पुस्तक पान पान फोटो काढून पीडीएफ केलेलं, आत अक्षर एकही नाही, सगळी चित्रं. आर्काइव्हवरचे बरेचसे जुने मराठी ग्रंथ असे. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत, सगळीकडे रुळायच्या आधी डीटीपीमध्ये इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे, श्रीलिपी, आयएसएम वगैरे. श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची आणि आयएसएम सीडॅकचं, म्हणजे मराठी डीटीपीची ही दोन्ही मोठी नावं आपल्या पुण्यातलीच, आणि अप्पा बळवंत चौकात मिळणारी पुस्तकं वर्षानुवर्षं अशाच फॉन्टांवर सजलेली आहेत. छापायला ते उत्तमच होतं आणि आजही आहे. पण पीडीएफमधून मजकूर बाहेर काढायला गेलं की खाली काय आहे ते उघडं पडतं. तिसरा प्रकार युनिकोड, म्हणजे आत खरोखर देवनागरी मजकूर असलेली पीडीएफ, जी गेल्या काही वर्षांत बरीच वाढलीये.

ओळखायचं कसं, तर एक ओळ सिलेक्ट करून बघायची. सिलेक्टच होत नाही, सगळं पान निळं होतं, तर स्कॅन. सिलेक्ट झाली, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली आणि इंग्रजी अक्षरं, कंस, डोक्यावर टोपी असलेला ए, मध्येच पौंडाचं चिन्ह असं काहीतरी आलं, तर जुना फॉन्ट. देवनागरी आलं तर युनिकोड. अॅक्रोबॅट रीडरमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सचा टॅब असतो, तिथे 'श्री-देव' आणि पुढे आकडा असलेली नावं दिसली तरी समजायचं. युनिकोडवाल्यांत पण एक उपप्रकार आहे बरं का, पीडीएफ बनवताना पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार उडतो, जोडाक्षर फुटतं, पानावर सगळं छान दिसतं पण आतला मजकूर तुटका असतो. त्यासाठी माझी चाचणी म्हणजे पुस्तकातला 'विद्यार्थी' हा शब्द सर्च करून बघायचा, पानावर डोळ्याला दिसतोय तोच. यात पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफार आहे. सापडला तर पीडीएफ स्वच्छ, पानावर दिसत असून सापडला नाही तर तुटकी.

मग कॅलिबरमध्ये 'अॅड युवर ओन कॉलम्स'मध्ये जाऊन ठरावीक पर्यायांचा एक कॉलम केला, नाव 'पीडीएफ प्रकार', पर्याय चार: स्कॅन, जुना फॉन्ट, तुटकं युनिकोड, स्वच्छ युनिकोड. कॉलमचं मथळ्याचं नाव देवनागरीत ठेवता येतं, फक्त आतलं लुकअप नाव रोमन लहान अक्षरांत द्यावं लागतं. आता पीडीएफ आहे पण प्रकार भरलेला नाही अशी पुस्तकं सर्च करून जशी वेळ मिळेल तशी भरत जायची. कॉलमच्या किमतीप्रमाणे ओळीला रंग द्यायची पण सोय आहे, मी जुन्या फॉन्टला लाल दिलाय. आणि म्हणूनच वर म्हणाले की पीडीएफ आपोआप मर्ज करू देऊ नका, एकाच ग्रंथाचं जुनं स्कॅन आणि नवीन टाइप केलेली प्रत या दोन्हींची किंमत वेगळी आहे. स्कॅनमध्ये मूळ आवृत्तीचं पान जसंच्या तसं दिसतं, टाइप केलेल्यात शोधता येतं, मी दोन्ही ठेवते, वेगळ्या नोंदी, नावापुढे 'स्कॅन' असं लिहून.

हा कॉलम भरला की कशाचं काय करायचं हे आपोआप ठरतं. कॅलिबरचं फॉरमॅट बदलायचं काम इतर सगळीकडे उत्तम आहे पण पीडीएफमधून ईपब करायला त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, त्यांच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की रूपांतरासाठी पीडीएफ फार वाईट फॉरमॅट आहे. पीडीएफला परिच्छेद माहीतच नसतो, कुठलं अक्षर पानावर कुठे एवढंच माहीत असतं, त्यामुळे ओळी मध्येच तुटतात, पान क्रमांक वाक्याच्या मधोमध येतो. स्वच्छ युनिकोड असेल तर थोडी साफसफाई करून वाचण्याजोगं ईपब निघतं. जुन्या फॉन्टचं केलंत तर सगळं पुस्तक त्या इंग्रजी खिचडीत बाहेर येतं, वेळ घालवू नका. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा लागतो आणि नंतर मुद्रितशोधन करावं लागतंच, एखाद्या खूप जिव्हाळ्याच्या पुस्तकासाठीच करावं.

स्कॅनसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. कॅलिबर ओसीआर करत नाही, ते बाहेर करायचं. टेसेरॅक्ट हे फुकट इंजिन मराठी वाचतं, आणि ओसीआरमायपीडीएफ नावाचं साधन टेसेरॅक्ट वापरून स्कॅनच्या मागे मजकुराचा अदृश्य थर लावून देतं, पान दिसतं तसंच राहतं पण शोधता येतं. कमांड लाइनवर चालवायला लागतं, कुणी इंजिनिअर भाचा-पुतण्या असेल तर एकदा बसवून घ्या, पुण्यात ती वानवा नाही. जुन्या छपाईत खिळे झिजलेले, शाई पसरलेली असते त्यामुळे ओसीआर चुका करतंच, वाचायला तो मजकूर वापरू नये, शोधायला भरपूर होतो. आणि इथे कॅलिबर परत कामाला येतं, २०२२ च्या ६.० व्हर्जनपासून त्यात सगळ्या पुस्तकांच्या आतला मजकूर एकदम शोधता येतो. बाबांनी एका गावाचं नाव टाकलं आणि ओसीआर केलेल्या चार जुन्या ग्रंथांतून उल्लेख निघाले, पूर्वी याला त्यांना ग्रंथालयात जाऊन दिवस घालवावा लागला असता. त्या दिवसापासून स्कॅनच्या ओसीआरची यादी तेच करून देतात.

सहा इंची रीडरवर स्कॅन वाचायचं असेल तर केटूपीडीएफऑप्ट बघा, ते पानाचं चित्र शब्दाशब्दाने कापून लहान पडद्यावर परत मांडतं, चित्रच असल्यामुळे भाषा कुठली फॉन्ट कुठला याचा प्रश्नच येत नाही. को-रीडर या अॅपमध्ये ती सोय आतच आहे. तरी माझं मत विचाराल तर स्कॅनला दहा इंची टॅबच बरा.

बाकीचे फॉरमॅट पटकन. ईपब मुख्य ठेवा, आत साधं एचटीएमएल असतं झिप केलेलं, खुला फॉरमॅट आहे, उद्या कुठलंही उपकरण आलं तरी उघडेल. मोबी आता जायला आलेला फॉरमॅट आहे, मोबीपॉकेट ही मूळ फ्रेंच कंपनी अॅमेझॉनने २००५ मध्ये घेतली आणि वर्षानुवर्षं किंडल म्हणजे मोबी असं होतं, पण २०२२ पासून सेंड टू किंडल ही किंडलवर पुस्तक पाठवायची सोय ईपबच घेते आणि मोबीचा सपोर्ट काढून टाकलाय. तेव्हा ज्यांचं फक्त मोबी आहे त्यांचं ईपब करून घ्या, उघडून दोन-तीन प्रकरणं चाळून बघा, आणि मग मोबी उडवा, सिलेक्ट केलेल्या सगळ्या पुस्तकांमधून एकच फॉरमॅट काढून टाकायची आज्ञा आहे. एझेडडब्ल्यू३ या किंडलच्याच फॉरमॅटचं ईपब तर फारच सुरेख होतं. विकत घेतलेल्या बहुतेक किंडल पुस्तकांना कॉपी रोखणारं कुलूप असतं, कॅलिबर ते काढत नाही, आणि फेब्रुवारी २०२५ पासून अॅमेझॉनच्या साइटवरून पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा पर्यायही बंद झालाय, त्यामुळे त्यांच्या मी नुसत्या नोंदी ठेवते, 'किंडलवर' असा टॅग लावून. कॉमिक्सचे सीबीझेड तसेच राहू द्या. डेजाव्हू स्कॅनसाठी चांगला, फाइल लहान राहते, फोनवर उघडायला मात्र वेगळं अॅप लागतं. रिसर्च पेपर कॅलिबरमध्ये कोंबू नका, त्याला झोटेरो हे सॉफ्टवेअर जास्त योग्य.

एक खास मराठी गोष्ट, ईपब करताना. काही रीडरवर देवनागरी दिसतं पण ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आणि आपल्याकडच्या वाचणाऱ्याला ते पानोपानी खटकतं, बाबा तर चष्मा काढून ठेवतात. रूपांतराच्या खिडकीत 'लुक अँड फील'मध्ये पुस्तकात फॉन्ट घालायचा पर्याय आहे, तिथे मशीनवर टाकलेला मराठी वळणाचा फॉन्ट निवडायचा. गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो, दिसायला छापील पुस्तकाच्या जवळ जातो, मला फार आवडतो. मूळ ईपबही कॅलिबर 'ओरिजिनल' म्हणून त्याच नोंदीखाली जपून ठेवतं, नाही आवडलं तर परत जाता येतं. पुस्तकाची भाषा मराठी अशी भरायला विसरू नका.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कॅलिबर आपल्या फाइलींची स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करतं, लेखकाचं फोल्डर, त्यात पुस्तकाचं, त्यात सगळे फॉरमॅट, मुखपृष्ठ आणि माहितीची एक छोटी फाइल. मोठ्या स्कॅनचा साठा असेल तर सुरुवातीला दुप्पट जागा लागते, ती धरूनच डिस्क घ्या. आणि त्या फोल्डरांची नावं देवनागरी राहत नाहीत, रोमनमध्ये विचित्र स्पेलिंगने होतात, आतल्या यादीत सगळं नीट मराठीत दिसतं पण बाहेरून फोल्डर उघडून पुस्तक शोधायची सवय असेल तर ती सोडावी लागते. मला हे अजूनही आवडलेलं नाही. दिसायलाही ते जुन्या वळणाचं आहे, बटणंच बटणं, पहिल्या दिवशी दडपायला होतं. दोन लायब्रऱ्या केल्या तर दोन्हींत एकदम शोधता येत नाही, म्हणून मराठी-इंग्रजी वेगळ्या न करता एकच ठेवा.

मराठी सर्चची एक बारीक भानगड आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात नुक्तावाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. पुस्तकाच्या नावात एक आणि तुम्ही टाइप केलं दुसरं तर 'सापडलं नाही' येणार. ज्या नावांत असा अर्धा र आहे ती मी सगळी एकाच पद्धतीने करून घेतली, बल्कमध्ये शोधा-आणि-बदला करता येतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या जुन्या-नव्या लेखनाचंही असंच, जुन्या ग्रंथांच्या नावांतले अनुस्वार मुखपृष्ठावर आहेत तसेच ठेवायचे आणि आजच्या लेखनातलं नाव टॅगमध्ये टाकायचं, असं आमच्या घरात ठरलंय.

लायब्ररीचं फोल्डर आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड ड्राइव्हमध्ये किंवा नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका. सगळी नोंद एका डेटाबेस फाइलीत असते, दोन मशीन एकदम तिला हात लावायला गेली की ती बिघडते, माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. प्रत्येक पुस्तकाशेजारी माहितीची ती छोटी फाइल असल्यामुळे डेटाबेस परत उभा करायची सोय आहे आणि तिचं जवळपास सगळं परत मिळालं, पण ती रात्र तिची वाईट गेली. बॅकअप म्हणजे कॅलिबर बंद करून अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी, आणि ती डिस्क वेगळ्या घरात. आमची बहिणीकडे चिंचवडला असते.

घरातल्या घरात वाचायला कंटेंट सर्व्हर चालू केलाय. माझ्या लॅपटॉपवर कॅलिबर चालू असलं की बाबा आतल्या खोलीतून टॅबच्या ब्राउझरमध्ये तीच लायब्ररी उघडतात, 'बाबांच्या टॅबसाठी'मधलं पुस्तक निवडतात, तिथेच वाचतात किंवा उतरवून घेतात. मी वनाझहून मेट्रोने जाते तेव्हा फोनवर ईपब, तेवढ्या लहान पडद्यावर पीडीएफ वाचायचा त्रास आता राहिला नाहीये.

आणि हे सगळं आपल्या हक्काच्या पुस्तकांसाठी हं. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्याच्या आतली स्कॅन्स ग्रुपवर फिरत येतात ती आम्ही लायब्ररीत घेत नाही. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती खपायला किती वेळ लागतो ते अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. हवं असेल ते विकत घ्यायचं, छापील किंवा ई.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या रोमन फोल्डरांचा कापला. पैसे मागत नाहीत पण डोनेट करायची सोय आहे, इतकं वापरत असाल तर जरूर करा. लिनक्सवाल्यांनी डिस्ट्रोबरोबर, म्हणजे आपल्या लिनक्सच्या प्रकाराबरोबर, येणारं पॅकेज न घेता कॅलिबरच्या साइटवरचा इन्स्टॉलर वापरावा, डिस्ट्रोचं बऱ्याचदा जुनं असतं आणि मजकुरातला शोध ६.० च्या आधीच्यात मिळणार नाही.